ख्रिस्ती श्रद्धा आणि सदसद्विवेकबुद्धी

(रुग्णालयाच्या वार्षिक दिनाच्या कार्यक्रमात प्रमुख वक्त्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण मला या व्यासपीठावर बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी प्रथम विश्वस्त मंडळाचे मनःपूर्वक आभार मानतो. निमंत्रणपत्रात आपण विषयाची निवड माझ्यावर सोपवली होती. वार्षिक दिन म्हटला की सेवा, त्याग, करुणा या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यही आहे. परंतु या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी जी एक शक्ती असते आणि जिच्याविषयी आपण फारसे बोलत नाही, तिच्याविषयी काही विचार आपल्यापुढे मांडावेत असे मला वाटले. ती शक्ती म्हणजे सदसद्विवेकबुद्धी. मी धर्मशास्त्राचा पंडित नाही. आयुष्यभर शस्त्रक्रिया केलेला, आणि रविवारी उपासनेला मंडळीत मागच्या बाकावर बसणारा एक सामान्य ख्रिस्ती मनुष्य आहे. तेव्हा माझे बोलणे त्या मर्यादेत समजून घ्यावे, ही विनंती.

सदसद्विवेकबुद्धी हा शब्द उच्चारायला जड असला तरी त्याचा अर्थ त्याच्या बांधणीतच स्पष्ट आहे. सत् आणि असत् यांचा विवेक करणारी बुद्धी. मराठीने हा शब्द बुद्धीच्या घरात ठेवला आहे, भावनेच्या नव्हे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कारण अलीकडे आपण हा शब्द फार सैलपणे वापरू लागलो आहोत. 'माझ्या मनाला पटते म्हणून मी करतो' किंवा 'माझी सदसद्विवेकबुद्धी मला टोचत नाही' एवढे म्हटले की जणू सर्व वाद मिटला. मनाला पटणे आणि सदसद्विवेकबुद्धीने कौल देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मनाला पुष्कळ गोष्टी पटतात. त्यातील बऱ्याचशा सोयीच्या असतात म्हणून पटतात.

नव्या करारात या अर्थी जो ग्रीक शब्द येतो, तो 'सिनेइडेसिस'. त्याचा शब्दशः अर्थ 'सोबत जाणणे' असा होतो. लॅटिन भाषेने तीच बांधणी उचलली आणि इंग्रजीतील 'कॉन्शन्स' त्यातूनच आला. मी एखादी गोष्ट केली हे मला ठाऊक आहे. परंतु मी एकटाच ते जाणत नाही, माझ्यासोबत माझ्या आत आणखी कोणी साक्षीदार ते जाणतो, असा त्या शब्दाचा गर्भितार्थ आहे. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत मात्र यासाठी स्वतंत्र शब्दच नाही. तेथे 'हृदय' हाच शब्द हे काम करतो. शौल राजा दाविदाच्या जिवावर उठला होता. तो गुहेत आपल्या हाती सापडला असता दाविदाने त्याचा जीव घेतला नाही, केवळ त्याच्या झग्याचा काठ कापून घेतला. एवढ्यानेही दाविदाचे हृदय त्याला मारू लागले, असे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात सांगितले आहे. आणि शलमोनाने राज्याभिषेकानंतर देवाजवळ जे मागितले, ते आपण 'ज्ञान' मागितले असे म्हणतो. परंतु मूळ हिब्रूत त्याने 'ऐकणारे हृदय' मागितले आहे. राजाला न्यायनिवाडा करावयाचा होता, आणि त्यासाठी त्याला बोलणारे नव्हे, तर ऐकणारे हृदय हवे होते. सदसद्विवेकबुद्धीची याहून चांगली व्याख्या मला आढळलेली नाही.

प्रेषित पौलाने या विषयाला दोन ठिकाणी हात घातला आहे, आणि ती दोन्ही ठिकाणे परस्परांना पूरक आहेत. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो की, ज्यांना मोशेचे नियमशास्त्र मिळाले नाही, अशा परराष्ट्रीयांच्याही हृदयावर त्या नियमशास्त्राचा सारांश कोरलेला असतो आणि त्यांची सदसद्विवेकबुद्धी त्याची साक्ष देते. याचा अर्थ असा की ही देणगी ख्रिस्ती माणसाची मिरास नाही. या रुग्णालयात काम करणारा कोणत्याही धर्माचा वॉर्डबॉय, कोणतीही आया, यांच्या अंतःकरणात देवाने तोच दिवा लावलेला आहे, जो पाळकाच्या अंतःकरणात आहे. श्रद्धेने हा दिवा नव्याने लावला जात नाही. श्रद्धा त्यात तेल घालते, काजळी पुसते.

दुसरे ठिकाण करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय. तेथील प्रश्न वरवर पाहता अगदी क्षुल्लक वाटतो. करिंथ शहरात मूर्तींना वाहिलेले मांस बाजारात विकले जाई. ते ख्रिस्ती माणसाने खावे की न खावे? सुशिक्षित, समजदार मंडळींचे म्हणणे असे की मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, मग त्या मांसात दोष तो कसला? दुसरीकडे काही साधीभोळी माणसे कालपर्यंत त्याच देवळात पूजा करीत होती. ते मांस तोंडात घालताना त्यांचा जीव कासावीस होई. पौलाचा निर्णय मोठा विलक्षण आहे. ज्ञानाच्या दृष्टीने समजदार मंडळींचे बरोबर आहे, हे तो मान्य करतो. परंतु त्या ज्ञानाच्या जोरावर दुर्बळ बंधूच्या सदसद्विवेकबुद्धीला घायाळ करणे हे ख्रिस्ताविरुद्ध पाप आहे, असे तो बजावतो. आपल्या खाण्याने भाऊ अडखळत असेल तर आपण कधीही मांस खाणार नाही, इथवर तो जातो. तेव्हा सदसद्विवेकबुद्धीचा पहिला नियम केवळ 'माझे ऐक' असा नसून 'दुसऱ्याच्या आत जे बोलते आहे, त्याचाही मान राख' असा आहे.

हा अध्याय मी अनेकदा वाचला होता. परंतु त्याचा खरा अर्थ मला उमगला तो पंडिता रमाबाईंची पत्रे वाचताना. रमाबाईंचे चरित्र आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. मी ते सगळे सांगत नाही. मला त्यांच्या जीवनातील एका विशिष्ट कालखंडाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे, आणि रुग्णालयाच्या व्यासपीठावरून ते करण्यास एक कारणही आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे पुण्यात साक्ष देताना या चोवीस वर्षांच्या विधवेने दोन गोष्टींचा आग्रह धरला. स्त्रियांना शिकविण्यास स्त्री-शिक्षिका हव्यात आणि स्त्रियांना औषधोपचार करण्यास स्त्री-डॉक्टर हव्यात. पुरुष डॉक्टरापुढे आपले दुखणे सांगण्यास लाजणाऱ्या या देशातील स्त्रिया उपचाराविना मरतात, हे त्यांनी सरकारला ऐकवले. पुढल्या वर्षी लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला निघाल्या, तेव्हा वैद्यकीचे शिक्षण घ्यावे हीच त्यांची मनीषा होती. कानांचे दुखणे आणि वाढता बहिरेपणा यांमुळे ते दार बंद झाले. नाहीतर आज आपण त्यांचा उल्लेख कदाचित डॉक्टर रमाबाई असा केला असता.

वॉन्टेज येथील धर्मभगिनींच्या मठात त्या उतरल्या. 'आपण ख्रिस्ती होणार नाही' असे त्यांनी निघण्यापूर्वी निक्षून सांगितले होते. सोबत आलेल्या सखीचा, आनंदीबाई भगत यांचा, तेथे करुण अंत झाला. परक्या देशात दोन वर्षांच्या मुलीसह त्या एकट्या पडल्या. आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी तेथेच बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गहजब झाला. ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले होते त्यांनीच त्यांना विश्वासघातकी ठरवले. आपल्या समाजाच्या विरोधात जाऊन सदसद्विवेकबुद्धीच्या कौलाने त्यांनी ख्रिस्ताला स्वीकारले, असे आपण ख्रिस्ती लोक अभिमानाने सांगतो, आणि बहुतेक वेळा गोष्ट तेथेच संपवतो.

खरी गोष्ट तेथे सुरू होते. ज्या सदसद्विवेकबुद्धीने त्यांना ख्रिस्ताकडे आणले, ती बाप्तिस्म्यानंतर निवृत्त झाली नाही. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी त्यांचा पुढे जो पत्रव्यवहार झाला, तो स्वतः सिस्टरांनीच जपून ठेवला आणि १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यातील पानांपानांतून एक झगडा दिसतो. चर्चने जे शिकवले ते संपूर्णपणे आणि निमूटपणे स्वीकारावे, असा सिस्टरांचा आग्रह होता. रमाबाईंचे म्हणणे असे की, मोठ्या कष्टाने मी भारतातील पुरोहितांच्या सत्तेतून स्वतःला सोडवून घेतले आहे. आता तसलेच दुसरे जू मी मानेवर घेणार नाही. देवाने मला स्वतःची बुद्धी दिली आहे आणि तिचा हिशेब मला द्यावयाचा आहे. त्रैक्याच्या सिद्धान्तासंबंधी त्यांना शंका होत्या, आणि शंका असताना 'मी मानते' असे म्हणणे त्यांना असत्य वाटत होते. चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी सूचना पुढे आली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांचे मत मागवण्यात आले आणि ते प्रतिकूल आले. हिंदुस्थानात शेकडो पुरुषांपुढे पुराणे सांगितलेल्या आणि व्याख्याने दिलेल्या या स्त्रीने विचारले की, ही आडकाठी ख्रिस्ताच्या कोणत्या शिकवणुकीत बसते? गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे कोरावयाची म्हटल्यावर, ती संस्कृत का नसावीत, आमच्या जुन्या संस्कृतपेक्षा लॅटिनमध्ये अधिक पवित्र ते काय आहे, हाही प्रश्न त्यांचाच.

आणि मग अंड्यांचा प्रश्न. रमाबाई जन्मापासून शाकाहारी. बाप्तिस्मा घेतल्यानंतरही मांस तर सोडाच, पण अंडे घातलेले पुडिंगही त्या खात नसत. सिस्टरांना यात जातीचा अभिमान दिसला. ख्रिस्ती झाल्यावरही ही ब्राह्मणी सोवळेपणाची मुळे उपटली गेली नाहीत, असे त्यांना वाटले आणि त्याचे त्यांना मनापासून दुःख झाले. रमाबाईंनी अत्यंत प्रामाणिकपणे कबूल केले की, तुम्ही ज्याला जातीचे पूर्वग्रह म्हणता, त्यांतून मी संपूर्णपणे सुटले आहे असा माझा दावा नाही. पण खाण्यापिण्यात काय सोडावे आणि काय धरावे हे मला माझे ठरवू द्या.

येथे मला करिंथ आठवले. अन्नाने माणूस देवाजवळ जात नाही आणि दूरही जात नाही, हे पौलाचे ज्ञान सिस्टर जेराल्डाइन यांच्यापाशी होते. त्या ज्ञानाच्या बाजूने पाहिले तर त्यांचे काही चुकले नाही. पण त्याच अध्यायाचा दुसरा अर्धा भाग, जो दुसऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीपुढे थांबायला सांगतो, तो त्यांच्या हातून निसटला. एक पुडिंगची वाटी, आणि तिच्याभोवती एवढे मोठे सत्य गोळा झालेले.

सिस्टरांवर मी अन्याय करू इच्छित नाही. मराठीत रमाबाईंविषयी लिहिताना त्यांना सोयिस्करपणे खलनायिका बनवले जाते, ते मला मान्य नाही. त्यांनी मनोरमेला आईच्या मायेने सांभाळले. पत्रे कडवट झाली तरी नाते तोडले नाही. ज्या पत्रांत त्यांच्यावर इतकी टीका आहे, ती त्यांना जाळून टाकता आली असती. त्यांनी ती जपली, नकलून ठेवली. हेही सदसद्विवेकबुद्धीचेच काम नव्हे काय?

आता एक अवघड प्रश्न कोणीही विचारील. प्रत्येकाने आपल्या सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे वागावयाचे ठरवले, तर मंडळीला, शास्त्राला, वडीलधाऱ्यांना काही अर्थ उरतो काय? आणि ही बुद्धी चुकली तर?

ती चुकते. याविषयी ख्रिस्ती परंपरेने कधीच डोळेझाक केलेली नाही. तेराव्या शतकातील थोर आचार्य थॉमस अॅक्वायनस यांनी यावर फार सूक्ष्म विचार केला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : सदसद्विवेकबुद्धी चुकीचा कौल देत असली, तरी तो कौल खरा आहे अशी माणसाची प्रामाणिक समजूत असताना त्याच्याविरुद्ध वागणे हे पाप आहे. कारण तो आपल्या समजुतीप्रमाणे देवाच्याच आज्ञेविरुद्ध वागत असतो. परंतु तेवढ्याने तो सुटत नाही. जे जाणून घेणे त्याचे कर्तव्य होते ते त्याने आळसाने किंवा मुद्दाम जाणून घेतले नसेल, तर त्या अज्ञानाची जबाबदारी त्याच्यावर आहे. डॉक्टरांना हे समजावून सांगण्याची गरज नसावी. 'मला त्या वेळी तेच योग्य वाटले' हा बचाव आपल्या व्यवसायात अर्धाच चालतो. 'ते योग्य वाटण्यापूर्वी तुम्ही पेशंट नीट तपासला होता काय, पुस्तक उघडले होते काय, वरिष्ठांना विचारले होते काय?' हा प्रश्न मागून येतोच.

१८७५ साली इंग्लंडमध्ये जॉन हेन्री न्यूमन यांनी नॉर्फकच्या ड्यूकला उद्देशून एक विस्तृत पत्र लिहिले. पोपचे अनुयायी असलेले नागरिक आपल्या देशाशी एकनिष्ठ राहू शकत नाहीत, असा आरोप ग्लॅडस्टन यांनी केला होता. त्याला ते उत्तर होते. त्यात न्यूमन यांनी अर्ध्या थट्टेत म्हटले की, जेवणानंतर धर्माच्या नावाने पेला उंचावायचाच झाला, तर मी तो पोपसाठी उंचावीन, पण आधी सदसद्विवेकबुद्धीसाठी. हे वाक्य पुष्कळदा उद्धृत होते. परंतु त्याच पत्रात त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली आहे, ती विसरली जाते. लोक सदसद्विवेकबुद्धीच्या हक्काची भाषा बोलतात, तेव्हा पुष्कळदा त्यांना केवळ स्वेच्छेचा हक्क हवा असतो, कर्तव्याची आठवण नको असते. पुढे १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सदसद्विवेकबुद्धीला मनुष्याच्या अंतरंगातील गाभारा मानले. तेथे तो देवासमोर एकटा असतो. गाभाऱ्यात कोणी चपला घालून जात नाही. स्वतःच्याही नव्हे, आणि दुसऱ्याच्या तर नव्हेच.

दुसऱ्याच्या गाभाऱ्याची गोष्ट निघाली म्हणून पुन्हा रमाबाईंकडे येतो. १८८९ साली त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी ही संस्था होती. अमेरिकेतील ख्रिस्ती देणगीदारांनी पैसा दिला होता आणि न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी थोर माणसे सल्लागार मंडळात होती. तेथे धर्माचा प्रचार होणार नाही, असे आश्वासन होते. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत, शास्त्र वाचीत, आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. पुण्यात वादळ उठले. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. 'माझ्या खोलीचे दार मी का लावावे?' ही रमाबाईंची बाजू. 'ज्यांच्या विश्वासावर मुली तुमच्याकडे धाडल्या, त्यांचे काय?' ही दुसरी बाजू.

मी ख्रिस्ती आहे, तेव्हा मी रमाबाईंच्या बाजूने बोलावे अशी अपेक्षा असेल. मी अनेक वर्षे तसे बोललोही. परंतु रुग्णालयात वय घालवल्यानंतर त्या दुसऱ्या बाजूचे वजन मला अधिक जाणवू लागले. सदनातील विधवा निराधार होती. छप्पर, अन्न, अक्षरओळख, सगळे ज्या हाताकडून तिला मिळत होते, त्याच हाताच्या प्रार्थनेला ती येऊन बसली. ती किती मोकळ्या मनाने आली, हे बाहेरून कोण सांगणार? कदाचित पूर्णपणे मोकळ्या मनाने आली असेल. आपल्या वॉर्डात खाटेवर पडलेला मनुष्यही तसाच परावलंबी असतो. त्याला सलाइन लावलेले असते, त्याचे बिल थकलेले असते, आणि अंगात पांढरा कोट घातलेला मनुष्य जे म्हणेल त्याला तो मान डोलावतो. अशा माणसाशी देवाविषयी बोलताना आपला आवाज किती खाली ठेवावा, याचे उत्तर मला पौलाच्या त्या आठव्या अध्यायातच सापडते. आपल्या प्रार्थनामंदिराचे दार उघडे असावे. खाटेशेजारी मात्र रुग्णाने विचारल्यावाचून आपण शास्त्र उघडू नये, असे माझे मत आहे. या सभागृहात याविषयी मतभेद असणार, याची मला कल्पना आहे.

रमाबाईंच्या जीवनातील आणखी एक प्रसंग सांगतो, कारण तो रुग्णसेवेशी थेट निगडित आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. सरकारी बंदोबस्त कडक आणि अनेकदा अमानुष होता. हिंदुस्थानी समाजातून टीका होत होती. परंतु ती करणाऱ्यांवर राजद्रोहाचा शिक्का बसे. रमाबाई या राज्यकर्त्यांच्या धर्माच्या, त्यांच्या संस्थेचे आश्रयदाते परदेशी. त्यांनी गप्प राहावे हे सर्व दृष्टींनी सोयीचे होते. त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती साप्ताहिकातून पत्र लिहून प्लेगच्या इस्पितळातील आणि छावणीतील स्त्रियांची असुरक्षितता, तेथील अनास्था आणि आपल्या सदनातील एका मुलीची त्या व्यवस्थेत झालेली वाताहत जाहीरपणे मांडली. मुंबई सरकारने ते सारे नाकारले. प्रकरणाचा उल्लेख ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. ज्यांनी १८९३ साली रमाबाईंना शत्रुवत मानले होते, त्यांना चार वर्षांनी त्यांच्याच पत्राचा आधार वाटला. स्वतःच्या समाजाला दुखावून ख्रिस्ताकडे गेलेली ही बाई, ख्रिस्ती सरकारला दुखावताना त्याच एका गोष्टीचे ऐकत होती.

बंधुभगिनींनो, आता मी आपल्या घराकडे वळतो.

डॉक्टर पॉल ब्रँड यांचे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. तमिळनाडूत मिशनरी आईबापांच्या पोटी ते १९१४ साली जन्मले आणि १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी काम केले. कुष्ठरोग्यांची बोटे झडतात ती रोगाने मांस सडते म्हणून, असा तोवर सार्वत्रिक समज होता. बोटे झडतात ती वेदनेची जाणीव नष्ट झाल्यामुळे, हे त्यांनी दाखवून दिले. चटका बसतो, काटा रुततो, जखम चिघळते, आणि माणसाला पत्ताच नसतो. वेदना ही देवाची देणगी आहे, असे ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात काही माणसांच्या सदसद्विवेकबुद्धीला डाग दिल्याचे म्हटले आहे, तापल्या लोखंडाने द्यावा तसा. डाग दिलेली त्वचा बधिर होते, हे या सभागृहातील प्रत्येकाला माहीत आहे. माणसाच्या आतला हा भाग एकाच मोठ्या डागाने क्वचितच बधिर होतो. न केलेल्या तपासणीची नोंद, न वापरलेल्या औषधाचे बिल, 'एवढ्याने काय होते' असे म्हणून पुढे ढकललेले प्रत्येक लहान खोटे तेथे आपला चटका ठेवून जाते.

याविषयी मला स्वतःचा एक प्रसंग सांगावयाचा आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. एका रुग्णालयात मी निवासी डॉक्टर होतो. पुरुष शस्त्रक्रिया विभागात रात्रपाळीला एक विद्यार्थी-परिचारिका होती, दुसऱ्या वर्षाची. पहाटे चारच्या सुमारास ती माझ्या खोलीपाशी आली. खाट क्रमांकात गफलत होऊन एका रुग्णाचे पेनिसिलिनचे इंजेक्शन तिने शेजारच्या खाटेवरील हर्नियाच्या रुग्णाला दिले होते. टेस्ट डोस अर्थातच दिलेला नव्हता. मी धावत गेलो. रुग्ण शांत झोपलेला होता, नाडी ठीक, रक्तदाब ठीक. तासभर आम्ही त्याच्याजवळ बसलो. काही झाले नाही. तेव्हा मी तिला म्हणालो, "सिस्टर, देवाची कृपा समजा. आता हे रिपोर्ट बुकमध्ये लिहू नका. परीक्षा जवळ आली आहे, मेट्रन तुम्हाला सोडणार नाहीत."

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "डॉक्टर, त्यांच्या अंगात औषध गेलंय. ते त्यांच्या पेपरवर नको का?"

मी तिला पुन्हा समजावले. मी वरिष्ठ होतो आणि माझा हेतू दयाळूपणाचा होता, असे मी स्वतःला सांगत होतो. खरे म्हणजे रात्री विभागाची जबाबदारी माझी होती, आणि नोंद झाली असती तर प्रश्न मलाही विचारले गेले असते. तिने सकाळी रिपोर्ट बुकमध्ये लिहिले. रुग्णाच्या केसपेपरवर लिहिले. रुग्णाला स्वतः जाऊन सांगितले. मेट्रननी तिला दोन आठवडे वॉर्डातून काढले आणि सर्व विद्यार्थिनींसमोर खडसावले. मी त्या वेळी कॉरिडॉरमधून जात होतो. मी थांबलो नाही.

आठव्या दिवशी त्या हर्नियाच्या रुग्णाच्या अंगावर लाल चकंदळे उठली, सांधे सुजले, ताप भरला. मी तेव्हा रजेवर होतो. दुसऱ्या डॉक्टरांनी केसपेपर चाळला, ती नोंद वाचली आणि पेनिसिलिनची ही उशिरा आलेली प्रतिक्रिया आहे हे ओळखले. त्यांनी त्याच्या कागदावर आणि घरी नेण्याच्या कार्डावर लाल शाईने लिहिले की, या माणसाला पुन्हा कधीही पेनिसिलिन देऊ नये. खेड्यात त्या काळी कोणत्याही तापाला पेनिसिलिनचे इंजेक्शन टोचले जाई. ते लाल अक्षर नसते तर पुढचे इंजेक्शन त्याला कोठे आणि कोणाच्या हातून मिळाले असते, याचा विचार मी टाळू शकत नाही.

परंतु ती प्रतिक्रिया आली नसती, तरीही त्या मुलीचेच बरोबर होते. तिला आठव्या दिवसाची कल्पना नव्हती. तिने पुस्तकातील नियम पाळला असेही नव्हे, कारण नियम सांगणारा वरिष्ठ मनुष्य तिच्यासमोर उभा राहून नेमके उलट सांगत होता. शलमोनाने मागितलेले ते ऐकणारे हृदय तिच्यापाशी होते, आणि माझ्यापाशी त्या रात्री नव्हते, एवढेच मी म्हणू शकतो.

विश्वस्त मंडळाला माझी एकच विनंती आहे. आपल्या रुग्णालयात चूक लिहिणाऱ्याला पहिल्या दिवशी शिक्षा होणार नाही, अशी व्यवस्था करावी. आधी रुग्णाचे काय ते पाहावे, मग चूक कशी घडली ते पाहावे, आणि माणसाचा प्रश्न सर्वांत शेवटी घ्यावा. शिक्षेच्या भीतीने रिपोर्ट बुक कोरे राहते, हे मी पाहिले आहे, आणि एका रात्री ते कोरे ठेवण्याचा प्रयत्न मी स्वतः केला आहे. त्या मेट्रनबाईंना, त्या रुग्णाला किंवा त्या भगिनीला मी हे कधी सांगितले नाही. इतक्या लोकांसमोर तर आज प्रथमच सांगत आहे.